‘घ्याल का?’ असे विचारू नये

डेन्मार्कमधील बिलुंडच्या लेगोलँड उद्यानात २००४ साली मुलांच्या मनगटासाठी वाय-फायवर चालणारा पट्टा भाड्याने मिळू लागला. मूल दिसेनासे झाले की पालकांनी मोबाइलवरून संदेश धाडायचा. उत्तरात त्याचा ठावठिकाणा येई.

असे उपकरण काढू इच्छिणारा तरुण ग्राहकांना विचारतो, ‘घ्याल का?’ भिडेखातर सारे ‘हो’ म्हणतात. अशा होकारांवर उभे केलेले कर्जप्रस्ताव मी बँकेत पाहिले आहेत. त्याऐवजी विचारावे, ‘मागे गर्दीत कोणाची चुकामूक झाली? कसे शोधलेत?’ ‘फोन केला, लगेच सापडला,’ असे उत्तर आले, तर तेथे गिऱ्हाईक नाही.

आपल्या प्रश्नानेच समोरचा असत्य बोलत असेल, तर भांडवल बुडतेच. सत्याणुव्रतालाही उणेपणा येतो.