पहिल्या हमिंगबर्डची तारीख

मार्च उजाडला की अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, कुणाच्या तरी अंगणात टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्याशी लाल गळ्याचा पहिला हमिंगबर्ड येऊन भिरभिरतो. घरातलं माणूस तारीख आणि गाव कळवतं, ‘जर्नी नॉर्थ’ या उपक्रमाच्या नकाशावर एक ठिपका उमटतो. मग ठिपके वर वर सरकत मे महिन्यात कॅनडात पोचतात. हा उपक्रम 1994 मध्ये सुरू झाला.

या पक्ष्याचं वजन जेमतेम तीन ग्रॅम. उपग्रहाला संदेश देणारं यंत्र पाठीवर बांधावं, तर त्याचंच ओझं व्हायचं. एवढासा जीव अंगात चरबी साठवून वजन जवळपास दुप्पट करतो आणि मेक्सिकोच्या आखातावरून कुठेही न टेकता सुमारे 800 किलोमीटर उडतो. त्याच्या मागावर राहायचं तर गावोगावचे डोळेच हवेत.

पक्षीअभ्यासक वेल्स कुक यांनी 1881 मध्येच हौशी निरीक्षकांकडून पक्षी आल्याच्या तारखा मागवायला सुरुवात केली होती. 1970 पर्यंत सुमारे 60 लाख कार्डं जमली. ती संगणकात उतरवण्याचं कामही स्वयंसेवकांनीच केलं. या जुन्या नोंदी 2001 ते 2010 मधल्या लोकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा पूर्व अमेरिकेत हमिंगबर्ड 11 ते 18 दिवस लवकर येऊ लागल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. कार्ड लिहिणाऱ्यांच्या मनात हवामानबदल नव्हताच. त्यांनी फक्त तारीख चुकू दिली नाही, आणि मला त्याचंच मोल फार वाटतं.

हमिंगबर्डचं घरटं सापडणं मात्र कठीण. मादी एकटीच कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणते, त्यात वनस्पतींचा कापूस गुंफते आणि बाहेरून दगडफूल चिकटवते. फांदीवरची गाठच वाटावी! आत घेवड्याच्या दाण्याएवढी दोन पांढरी अंडी. पिल्लं वाढतात तसं घरटंही ताणून मोठं होतं, कारण कोळ्याचा धागा लवचीक असतो. आपल्याकडे हमिंगबर्ड नाही. बाल्कनीतल्या फुलांवर येतो तो शिंजीर. पण त्याची मादीही घरट्यासाठी कोळ्याचेच धागे वापरते, फक्त ते लोंबतं असतं.

कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘नेस्टवॉच’ उपक्रमात सापडलेलं घरटं तीन-चार दिवसांनी एकदा, पटकन पाहून नोंदवायचं असतं: अंडी किती, पिल्लं कधी बाहेर आली, कधी उडाली. आणि एखाद्या सकाळी घरटं रिकामंच दिसलं, अंडी गेलेली असली, तरी ती नोंदही तितक्याच निगुतीने करायची.