हो सिस्टर, नाही सिस्टर!

आपल्याकडे दवाखान्यातल्या नर्सला सगळे 'सिस्टर' म्हणतात. डच माणसंही तेच करतात. बहीण असो की नर्स, शब्द एकच, झुस्टर! १९६६ साली नेदरलँड्सच्या कृष्णधवल टीव्हीवर 'या झुस्टर, नेय झुस्टर' ही मालिका सुरू झाली. अर्थ सोपा: हो सिस्टर, नाही सिस्टर.

सिस्टर क्लिव्हियाच्या विश्रामगृहात विश्रांती सोडून बाकी सगळं मिळतं. तिथलं कुटुंब रक्ताचं नाही, आसऱ्याला आलेल्यांचं. सुधारू पाहणारा चोर गेरिट आहे, नाना शोध लावणारा इंजिनिअर आहे. शेजारच्या बोर्डेव्होल महाशयांना हा कल्ला सोसत नाही. त्यांच्या आडनावाचा अर्थच 'काठोकाठ भरलेला'. जरा धक्का लागला की सांडलेच!

हे घर वसवलं आन्नी एम. जी. श्मिट या लेखिकेनं. डच मुलं तिच्या गोष्टींवरच वाढली. रेडिओवर १९५२ पासून तिचं 'डोर्स्नेय कुटुंब' गाजत होतं. डोर्स्नेय म्हणजे चारचौघांसारखं. मग १९५७ मध्ये टीव्हीवर 'पेन्शन होमेलेस' आली. हे पेन्शन निवृत्तांचं नव्हे, डच भाषेत ते भाड्यानं राहायचं बोर्डिंग. आणि होमेलेस म्हणजे भांडणतंटा! मालिका १९५९ मध्ये संपली, पण तिनं एक तारा दिला: न्यूयॉर्कच्या हार्लेममधून आलेला कृष्णवर्णीय नर्तक डोनाल्ड जोन्स. प्रिय व्यक्तीला छोट्याशा डबीत जपून ठेवावं, असं गाणं त्यानं परक्या डच भाषेत गायलं आणि लोकांनी त्यालाच जपून ठेवलं.

सिस्टरचं कुटुंब रक्ताचं नव्हतं; याउलट अमेरिकेत १९४७ मध्ये सुरू झालेल्या 'मेरी के अँड जॉनी' या टीव्ही मालिकेत खऱ्या नवरा-बायकोनंच नवरा-बायको रंगवले. पुढं त्यांचं खरं बाळही मालिकेत आलं. त्या मालिकेचं आज जवळपास काहीच उरलेलं नाही.

सिस्टरच्या मालिकेचंही तेच झालं. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची रीत. वीस भागांतले बहुतेक गेले. वाचली ती हारी बानिंकनं चाल लावलेली गाणी, कारण त्यांच्या तबकड्या घरोघरी होत्या. त्याच गाण्यांच्या बळावर २००२ मध्ये सिनेमा आला.

मुंबई दूरदर्शनवरचे चिमणराव-गुंड्याभाऊ ज्यांना आठवतात, त्यांना ही हळहळ सांगायला नको. तुमच्या माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा लावून बघा.