बॅडमिंटनचं कोर्ट आहे ना? मग पिकलबॉल सुरू!

रीलमध्ये दिसणारा हा खेळ मोठ्या शहरांतल्या क्लबांपुरता नाही. मुर्रीतल्या सिमेंटच्या पटांगणातही तो जमतो. कसा, ते बघा.

रील सरकवता सरकवता एव्हाना तुम्ही तो पाहिला असेलच. निळंशार कोर्ट, वर दिव्यांचा झगमगाट, हातात टेबल टेनिसच्या बॅटचा थोरला भाऊ वाटावा असं पॅडल आणि टक्-टक् आवाज करत फिरणारा भोकांचा प्लास्टिकचा चेंडू. पिकलबॉल! मुंबई-पुण्यात याची कोर्ट तासाच्या भाड्यानं बुक होतात. आणि गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत बसून ती रील पाहणाऱ्याच्या मनात एकच येतं, ‘भारी आहे यार, पण आपल्याकडे कुठं?’

तर आधी या खेळाच्या जन्माची गोष्ट ऐका. १९६५ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराजवळचं बेनब्रिज बेट. जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांच्या घरची पोरं सुट्टीत कंटाळली होती. घराजवळ बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं, पण खेळायचं सामान धड नव्हतं. मग काय, टेबल टेनिसच्या बॅट घेतल्या, भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि केली सुरुवात. चेंडू डांबरी कोर्टवर मस्त टप्पा घेतोय म्हटल्यावर पाच फुटांवरची नेट तीन फुटांवर उतरवली. बार्नी मॅकॅलम या मित्रानं पुढं प्लायवूड कापून पॅडल बनवली. म्हणजे ‘सामान नाही’ या अडचणीतूनच हा खेळ जन्माला आला. मग सामान नाही म्हणून आपण कशाला थांबायचं?

भारतात हा खेळ आणला तो एका मराठी माणसानं. मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी १९९९ मध्ये परदेश दौऱ्यात तो पहिल्यांदा पाहिला. पुढं पॅडल आणि चेंडू इथं आणले आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन सुरू झाली.

कोर्ट कुठून आणायचं?

आणायचं नाहीच, ते बहुधा आहेच. पिकलबॉलचं कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब. बॅडमिंटनच्या डबल्सचं मापही नेमकं हेच! कॉलेजात किंवा गावात बॅडमिंटनचं पक्कं कोर्ट असेल तर निम्मं काम झालं. नवीन रेघ फक्त एक. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिसची पुढची रेघ नेटपासून साडेसहा फुटांवर असते, पिकलबॉलमध्ये ती सात फुटांवर हवी. अर्धा फूट मागं खडूनं रेघ मारा, झालं.

कोर्ट नसेल तर सिमेंटची सपाट जागा शोधा. शाळेचं पटांगण, समाजभवनासमोरची मोकळी जागा, धान वाळवायचा पक्का ओटा. रेघांच्या मागंपुढं आणि बाजूला पळायला जागा सोडा. मातीवर मात्र हा चेंडू नीट उसळत नाही. आणि हो, जागा ज्यांची त्यांना आधी विचारा.

नेट खांबाशी ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच. नेट नसेल तर दोरी ताणा आणि तिला बारदाना अडकवा. सरावाला तेवढं पुरे.

सामान किती लागतं?

दुकानातलं चांगलं पॅडल हजारांच्या घरात जातं. सुरुवातीला ती उडी नको. सुताराकडून ६ मिलिमीटर प्लायवूडचं कापून घ्या. मूठ धरून लांबी १६ इंच, रुंदी ८ इंच. मुठीला दोन्ही बाजूंनी पट्टी चिकटवा, कडा घासा, वरून जुन्या रॅकेटची ग्रिप गुंडाळा. चेंडूच्या बाबतीत कंजुषी नको. टेनिसचा चेंडू फार उसळतो, त्यामुळं खेळाची मजाच जाते. चौघांनी वर्गणी काढून बाहेर खेळायचा, ४० भोकांचा चेंडू मागवा. बूट बॅडमिंटनचे चालतील. धावायच्या उंच टाचेच्या बुटांत आडवं पळताना पाय मुरगळतो.

नियम, पाच मिनिटांत

सर्व्ह कमरेखालून, शेवटच्या रेघेमागं उभं राहून, समोरच्या तिरप्या चौकोनात. चेंडू सात फुटांच्या रेघेपलीकडं पडायला हवा. संधी एकच.

दोन टप्प्यांचा नियम लक्षात ठेवा. सर्व्ह आला की समोरच्यानं एक टप्पा पडू द्यायचा. तो परत आला की सर्व्ह करणाऱ्या बाजूनंही एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर हवेतच मारायला मोकळे.

नेटजवळच्या सात फुटांच्या पट्ट्याला म्हणतात ‘किचन’. किचनमध्ये जायला बंदी नाही, पण तिथं उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. मारल्यानंतर तोल जाऊन पाय रेघेवर पडला तरी पॉईंट गेला.

पॉईंट फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूला मिळतो. ११ पॉईंटचा गेम, दोनच्या फरकानं जिंकायचा. डबल्समध्ये एका बाजूचे दोघंही सर्व्ह करतात, मग सर्व्ह समोर जातो. फक्त गेमच्या सुरुवातीला पहिल्या बाजूला एकच सर्व्हर मिळतो.

पहिले पंधरा दिवस

रोज दहा मिनिटं भिंतीवर चेंडू मारा. मग दोघांनी किचनच्या रेघेवर समोरासमोर उभं राहून चेंडू हळूच पलीकडच्या किचनमध्ये टाकत राहा. याला ‘डिंक’ म्हणतात (खायचा नव्हे!). सलग २० जमले की समजा खेळ हाताला लागला. नवखा माणूस सगळं जोर लावून मारतो आणि चेंडू बाहेर घालवतो. इथं जोरापेक्षा संयम जिंकतो. डोक्यावरून चेंडू गेला तर तोंड समोर ठेवून उलट्या पावली पळू नका. वळा आणि मग पळा. उलटं पळताना पडून मनगट मोडतं. आणि आपल्याकडचा मे महिना माहीत आहे ना? सकाळी आठच्या आत आटपा. पावसात शेवाळलेल्या सिमेंटवर उतरूच नका.

चौथा भिडू कोण?

गावच्या मैदानाचं गणित आपल्याला ठाऊक आहे. मैदान क्रिकेटवाल्या पोरांचं. मुली कडेनं चालत घरी जातात, कारण बावीस जणांत जागा मागायची कशी आणि कोणाकडं? पिकलबॉलला चार जण आणि खोलीभर वाटावी एवढी जागा पुरते. किचनच्या नियमामुळं नेटला चिकटून धडाधड स्मॅश मारणाऱ्याची दादागिरी चालत नाही. म्हणून इथं बहीण भावाला हरवू शकते आणि चाळिशीतली काकू कॉलेजच्या पोराला दमवू शकते. फक्त पहिल्या दिवशी चार पोरांनीच कोर्ट अडवू नका. नव्या खेळाला अजून कुणी मालक नाही. तो कोणाचा होणार, हे पहिल्या आठवड्यात रेघा मारायला कोण कोण येतं त्यावर ठरेल.

तेव्हा रविवारी टेप, खडू आणि दोरी घेऊन निघा. चौथा भिडू म्हणून जिला आजवर कधी विचारलं नाही, तिला आधी विचारा.