मुठीत मावणारा शिकारी

केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांतला मलबार पफर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा. गोड्या पाण्यातला मासा, त्यामुळे टाकीत मीठ घालू नये. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवत तो भक्ष्य हेरतो. ते पाहत राहावं असंच असतं. पफरचे चोचीसारखे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून लहान गोगलगायी कवचासकट द्याव्यात. कोरड्या खाद्याकडे तो सहसा ढुंकूनही बघत नाही. नर एकमेकांवर तुटून पडतात, इतर माशांचे पर कुरतडतात; दाट पाणवनस्पती हव्यातच. घाबरला की पाणी गिळून फुगतो. गंमत म्हणून त्याला फुगवणं हा निव्वळ छळ आहे. निसर्गात ही जात असुरक्षित ठरली आहे, तेव्हा दुकानदाराकडे टाकीत पैदास झालेलेच मासे मागा.