देवळांतल्या वसईच्या घंटा

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल कोरलेलं आहे. नाशिकला नारोशंकराच्या घंटेला गोदावरीचं पाणी लागलं की महापूर, हा जुना हिशेब. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे.

घंटेच्या काशात तांब्यासोबत साधारण पाचवा हिस्सा कथील असतं. त्यानं नाद घुमतो, पण धातू ठिसूळ होतो. तडा गेला की आवाज बद्द. लोलक एकाच जागी आदळून कड झिजते, म्हणून इंग्लंडमधले कारागीर घंटा थोडी फिरवून पुन्हा टांगतात. फुटलेली वितळवून नव्यानं ओततात. आपल्याकडच्या या घंटांचं मात्र तसं कधीही करू नये, कोरलेलं सालही वितळून जाईल.