बीजशब्दांची निवड : कोकणातील विंचूदंशविषयक संशोधनाच्या संदर्भात

शोधनिबंधाच्या सारांशाखाली चार-सहा शब्दांची एक ओळ छापलेली असते. त्या शब्दांना ‘बीजशब्द’ ही संज्ञा आहे. निबंध पूर्ण झाल्यावर, बहुधा घाईने, ही ओळ लिहिली जाते. परंतु तो निबंध पुढे कोणाच्या हाती पडणार, किंवा पडणारच नाही, हे पुष्कळ अंशी तीच ओळ ठरविते. विज्ञान आणि वैद्यक या क्षेत्रांत या निवडीला विशेष महत्त्व आहे. कारण तेथे न सापडलेल्या निबंधाची किंमत रुग्णाला मोजावी लागण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात विंचूदंशाच्या उदाहरणाने या निवडीचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

काव्यातील शब्द आणि बीजशब्द

एकनाथांच्या भारुडात विंचू हा कामक्रोधाचे रूपक होऊन येतो. एका शब्दातून अनेक अर्थ सुचावेत, हे तेथे शब्दाचे सामर्थ्य ठरते. बीजशब्दाच्या बाबतीत मात्र हीच अनेकार्थता दोष होय. शिवाय काव्यातील शब्द हा कवीचा असतो. बीजशब्द लिहितो निबंधकार, पण वस्तुतः तो शोधणाऱ्याचा शब्द असतो. ज्याने निबंध अद्याप पाहिलेला नाही, त्याच्या मनात कोणता शब्द प्रथम येईल, हाच या निवडीतील मूळ प्रश्न आहे.

येथे भाषांतराचीही एक अडचण उद्भवते. मराठीत साप ‘चावतो’ आणि विंचूही ‘चावतो’. दोहोंनाही ‘दंश’ म्हटले जाते. मालवणी मुलखातील रुग्ण ‘इंचू चावलो’ असेच सांगेल. इंग्रजीत मात्र दातांनी होणारा ‘बाइट’ आणि नांगीने होणारा ‘स्टिंग’ हे भिन्न शब्द आहेत. बोलीतील क्रियापद जसेच्या तसे इंग्रजीत नेणारा लेखक आपला निबंध चुकीच्या शब्दाखाली ठेवून देतो.

एक विंचू, अनेक नावे

रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचा दीर्घकाळ अभ्यास केला. या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांच्या पूर्वलक्षणांविषयीचा त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचे लेखन त्याच नियतकालिकात १९८६ मध्ये आले, तर प्रतिविष व प्राझोसिन यांची एकत्रित चिकित्सा आणि केवळ प्राझोसिन यांची तुलना २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रकाशित झाली.

या तिन्ही शीर्षकांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्यात ‘तांबडा विंचू’ हे व्यावहारिक नाव आहे. दुसऱ्यात केवळ ‘विंचूदंश’ आहे. तिसऱ्यात ‘मेसोबुथस टॅम्युलस’ हे शास्त्रीय नाव आहे. या विंचवाचे वर्णन फॅब्रिशियस याने १७९८ मध्ये केले. पुढे त्याची गणना ‘बुथस’, नंतर ‘मेसोबुथस’ आणि २००७ पासून ‘हॉटेंटोटा’ या प्रजातीत करण्यात आली. म्हणजे केवळ नव्या नावाने शोध घेणाऱ्यास वरील तीन शीर्षकांपैकी एकही सापडणार नाही. म्हणून प्रचलित शास्त्रीय नाव, मागील नाव आणि व्यावहारिक नाव या तिहींना बीजशब्दांत स्थान देणे इष्ट ठरते.

नियंत्रित शब्दसंग्रह

नावांच्या या गोंधळावर ग्रंथपालांनी फार पूर्वीच उपाय योजला. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय वाङ्मयाची सूची सुरू केली, आणि अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० मध्ये ‘मेश’ नावाचा विषयशीर्षकांचा संग्रह प्रसिद्ध केला. एका संकल्पनेसाठी एक अधिकृत शीर्षक आणि त्याच्या पर्यायी शब्दांची त्याच शीर्षकाशी जोडणी, हे त्याचे तत्त्व होय. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून आढळलेल्या तापाला लोक ‘माकडताप’ म्हणतात. संग्रहात तो ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ या शीर्षकाखाली येतो. निबंधकाराने अधिकृत शीर्षक आधी पाहावे आणि त्यात न सामावणारा शब्द मग स्वतंत्रपणे द्यावा.

स्थलनामांचा प्रश्न

स्थलनामांना मात्र शब्दसंग्रहाचा आधार क्वचितच मिळतो. लक्ष्मीनारायणाच्या देवळासाठी आणि तळ्यासाठी प्रसिद्ध असलेले वालावल हे कुडाळ तालुक्यातील गाव घ्यावे. त्याच्या नावात ‘व’ दोनदा येतो आणि रोमन लिपीत तो कधी ‘व्ही’ने, तर कधी ‘डब्ल्यू’ने लिहिला जातो; एवढ्यानेच चार रूपे संभवतात. शिवाय सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात होता. जुन्या नोंदींवर आधारलेल्या निबंधात दोन्ही जिल्ह्यांची नावे आवश्यक ठरतात. नुसत्या ‘सिंधुदुर्ग’ शब्दाने मालवणच्या किल्ल्याविषयीचे लेखनही समोर येते, ही अडचण वेगळीच.

वालावल परिसरातील विंचूदंशाच्या रुग्णांवर कोणी निबंध लिहिल्यास ‘आरोग्य’, ‘कोकण’, ‘उपचार’ हे बीजशब्द निरुपयोगी ठरतील, कारण ते हजारो निबंधांना लागू पडतात. याउलट केवळ ‘वालावल’ हा शब्द इतका संकुचित आहे की त्या गावाबाहेरचा वैद्य तो योजणारच नाही. विंचूदंश, विंचवाची शास्त्रीय नावे, प्राझोसिन, फुप्फुसजलशोथ, ग्रामीण रुग्ण आणि सिंधुदुर्ग जिल्हा, असा व्यापकाकडून विशिष्टाकडे जाणारा क्रम येथे उचित होय. शीर्षकात आलेला शब्द शोधयंत्रणेला मिळालेलाच असतो. तेव्हा शीर्षकात न आलेल्या पर्यायांना अग्रक्रम द्यावा.

एखाद्या आडगावच्या दवाखान्यात दंश झालेले मूल रात्री आणले जाते, तेव्हा तेथील वैद्याला निबंधकाराचे नाव ठाऊक नसते आणि विंचवाचे नवे शास्त्रीय नावही बहुधा ठाऊक नसते. त्याच्याजवळ असतात ते दोन-तीन साधे शब्द. त्या शब्दांची आणि निबंधातील ज्ञानाची गाठ पडावी, एवढ्यासाठीच बीजशब्दांची ओळ असते. म्हणून ती निबंधाइतक्याच विचारपूर्वक लिहिणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.