शिक्षकांचा दूरदेशींचा सहवास

"रात्रीं जेवणें आटोपल्यावर शिक्षक मोबाइल घेऊन बसतात तरी कशासाठीं?" असा प्रश्न पालकवर्गांत अधूनमधून ऐकूं येतो. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या हातीं आपण आपलें मूल सोंपवितों, त्याचा वेळ कोठें जातो हें विचारण्याचा पालकांस हक्कच आहे. त्यांतील कांहीं वेळ केवळ करमणुकींत जात असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जगांतील पुष्कळ शिक्षक त्याच यंत्राच्या द्वारें परदेशांतील आपल्या समव्यवसायी बंधुभगिनींशीं विचारविनिमय करीत असतात, आणि त्याचा परिणाम अखेर वर्गांतील फळ्यावर उमटतो. हा व्यवहार कसा जुळतो व कशानें टिकतो, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

शिक्षकाचा पेशा बाहेरून गजबजलेला दिसतो, पण आंतून तो एकाकी आहे. नवशिका वकील कोर्टांत बसून ज्येष्ठ वकिलाचें भाषण ऐकूं शकतो. नवा डॉक्टर रुग्णालयांत अनुभवी डॉक्टरांच्या मागून फिरतो. शिक्षकानें मात्र वर्गांत शिरून दार लोटून घेतलें, कीं त्याचें काम पाहणारी सारी मंडळी बाकांवर बसलेली असते! अपूर्णांकांचा भागाकार मुलांच्या गळीं कां उतरत नाहीं, हें तो कोणास विचारणार? दोनशिक्षकी शाळेंत तर तो विषय शिकविणारें दुसरें माणूसच बहुधा नसतें. अशा स्थितींत पहिल्या पांच वर्षांत जी पद्धति अंगवळणीं पडली, तीच निवृत्तीपर्यंत चालूं राहते. तिचे दोष दाखविणारें कोणी भेटत नाहीं. नुकसान होतें तें मुलांचें.

ही अडचण इंटरनेटच्या फार पूर्वीं एका फ्रेंच ग्रामशिक्षकानें ओळखली होती. सेलेस्तें फ्रेने हा पहिल्या महायुद्धांत छातीस जखम होऊन परतलेला तरुण १९२० सालीं दक्षिण फ्रान्समधील बार-सूर-लू ह्या गांवीं शिक्षक झाला. फार वेळ मोठ्यानें बोलणें त्यास झेपत नसे. १९२४ च्या सुमारास त्यानें वर्गांत एक लहानसें छापयंत्र आणिलें. मुलें आपापले अनुभव स्वतः खिळे जुळवून छापूं लागलीं, आणि पुढें तीं पानें टपालानें दूर ब्रिटनी प्रांतांतील एका शाळेस जाऊं लागलीं. तिकडूनही पानें येऊं लागलीं. डोंगराकडच्या मुलांस समुद्रकांठचें जीवन कळलें, हें तर झालेंच; पण दोन शिक्षकांस एकमेकांचे वर्ग दिसूं लागले, हें आमच्या मतें अधिक मोलाचें होय.

टपालाची जागा संगणकानें घेतली, तेव्हां हाच व्यवहार खंडाखंडांत पसरला. १९८८ सालीं, अमेरिका व सोव्हिएट रशिया ह्यांमधील शीतयुद्ध अद्याप संपलें नव्हतें अशा काळीं, न्यूयॉर्क राज्यांतील व मॉस्को शहरांतील कांहीं शाळा संगणकांनीं जोडण्यांत आल्या. त्या प्रयोगांतून 'आयअर्न' ही संस्था वाढली. आज शंभरांहून अधिक देशांतील शिक्षक तींत सामील आहेत. ह्या संस्थेंत चालणारी 'अध्ययन-वर्तुळां'ची रीत मार्गारेट रील ह्या अमेरिकन विदुषीनें घडविली. निरनिराळ्या देशांतील सहा-आठ वर्ग ठराविक मुदतीपुरते एकत्र येतात. प्रथम ओळख, मग कामांची आखणी, मग देवाणघेवाण, शेवटीं सर्व लेखनाचें संकलन आणि निरोप. प्रत्येक वर्ग एक काम आपल्या शिरावर घेतो, आणि बाकीच्या सर्व वर्गांच्या कामांसही हातभार लावितो. कोणीं आपल्या भागांतील लोककथा मागितल्या, तर इतरांनीं त्या धाडावयाच्या. कोणीं पिण्याच्या पाण्याविषयीं विचारलें, तर त्यालाही उत्तर द्यावयाचें. नुसतें घेत बसण्यास तेथें जागाच नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें असे सहवास टिकण्याचें खरें मर्म ह्या योजनेंत आहे.

एक उदाहरण घेऊं. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास, दिवस व रात्र सारखीं असतां, एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करून भर मध्यान्हीं तिची सावली मोजली, तर ती सोलापुरास सुमारें ३२ सेंटिमीटर भरते, आणि उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद येथें सुमारें ८८. ह्या दोन सावल्यांवरून सूर्यकिरणांच्या कोनांत सुमारें २३.६ अंशांचा फरक निघतो. दोन्ही शहरांमधील दक्षिणोत्तर अंतर सुमारें २,६२० किलोमीटर. २३.६ अंशांस इतकें, तर ३६० अंशांस किती? उत्तर ४०,००० किलोमीटरांच्या आसपास येतें, आणि तोच पृथ्वीचा घेर. इरॅटोस्थेनीस ह्या ग्रीक पंडितानें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं ईजिप्त देशांत असाच हिशेब केला होता. आज निरनिराळ्या ठिकाणच्या शाळा इंटरनेटवर गांठ घालून तो पुनः करून पाहतात.

आतां समजा, सोलापूरच्या वर्गानें घड्याळांत बरोबर बारा वाजतां सावली मोजली. ती सुमारें ३५ सेंटिमीटर भरेल, आणि पृथ्वीचा घेर ४३,००० किलोमीटरांच्या पलीकडे जाईल! काठी बरोबर, गणितही बरोबर. मग चुकलें कोठें? आपलीं घड्याळें मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताप्रमाणें चालतात, आणि सोलापूर त्याच्या बरेंच पश्चिमेस आहे. म्हणून त्या दिवसांत तेथें सूर्य मध्यान्हास येतो, तो घड्याळांत साडेबारा उलटल्यावर. हें एकट्या शिक्षकाच्या ध्यानीं न येणें शक्य आहे; पुस्तकांत घेर दिलेलाच असतो, तो सांगून तो पुढें जाईल. पण पलीकडचा शिक्षक लिहितो, "आपण वेळ कोणती धरली? आम्ही बारापासून एकपर्यंत दर पांच मिनिटांनीं सावली मोजतों, आणि सर्वांत आंखूड भरेल ती घेतों." एवढ्या एका ओळीनें भूगोलाचा तास बदलतो. वर्गांतील मुलांसही कळतें कीं, घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एक नव्हेत. आंकडे जुळले असते, तर दोघांनीं एकमेकांचें अभिनंदन केलें असतें. ते जुळले नाहींत, म्हणून दोघे शिकले.

अशा ओळखी प्रारंभीं कशा होतात? बहुधा एखाद्या नेमक्या प्रश्नानें. "गणित कसें शिकवावें?" असें जगास विचारलें तर कोणी उत्तर देत नाहीं. "माझ्या वर्गांतील निम्मीं मुलें छेद मोठा तो अपूर्णांक मोठा समजतात, आपल्याकडे काय करितात?" असें विचारलें कीं चार देशांतून उत्तरें येतात. नंतर मात्र ऋण फेडावें लागतें. ज्याची युक्ति वापरली त्यास ती साधली कीं फसली, हें कळविलें पाहिजे. फसली असल्यास तें तर अवश्य कळविलें पाहिजे. हजार नांवें जमवून कोणास एकदांही न लिहिणारे शिक्षक आम्हीं पाहिले आहेत, आणि प्रमाणपत्रांचें प्रदर्शन मांडणारेही. त्यास सहवास म्हणतां येत नाहीं.

वेळेची अडचण खरी आहे. आपल्याकडे सायंकाळचे सात वाजतात, तेव्हां न्यूयॉर्कमध्यें हिवाळ्यांत सकाळचे साडेआठ होतात आणि उन्हाळ्यांत साडेनऊ. कारण तेथील लोक वर्षांतून दोनदां घड्याळें पुढेंमागें करितात. म्हणून समोरासमोर बोलण्यापेक्षां लिहिण्यावरच अधिक भिस्त ठेवावी लागते. दुसरी अडचण साधनांची. २००९ सालापासून ट्विटरवर 'एडचॅट' नांवाची शिक्षकांची चर्चा भरूं लागली. त्या ट्विटरचें २०२३ सालीं 'एक्स' झालें, आणि पुष्कळ शिक्षक तेथून उठून गेले. ज्या स्काइपवर कित्येक वर्ग एकमेकांस भेटत, तें मे २०२५ मध्यें बंद झालें. शहाणे शिक्षक म्हणून सोबत्यांचे ई-मेल पत्ते स्वतःच्या वहींतही उतरून ठेवितात.

आपल्या मुलखांतील दाखला सर्वांच्या परिचयाचा आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यू-आर कोडांमुळें त्यांचें नांव झालें होतें, आणि भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाइन अशा परस्परांशीं वैर असलेल्या देशांतील मुलामुलींस इंटरनेटवरून एकमेकांशीं बोलतें करण्याचा उपक्रमही त्यांनीं चालविला होता. पुरस्कार दहा लाख डॉलरांचा होता. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अखेरच्या फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. वर्तमानपत्रांनीं औदार्य म्हणून ह्याचें कौतुक केलें, तें योग्यच; परंतु ज्यानें दूरदेशच्या शिक्षकांस सहकारी मानिलें, त्यास ती वांटणी स्वाभाविकच वाटली असेल.

पालकांनीं ह्या कामीं डोळे मिटून संमति द्यावी, असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांचीं छायाचित्रें, पूर्ण नांवें अथवा घरचे पत्ते पालकांच्या लेखी परवानगीवांचून कोणत्याही शिक्षकानें बाहेर धाडूं नयेत. वही दाखवावयाची तर नांवाचा कोपरा झांकून दाखवावी. असें घडत नसल्यास पालकांनीं शाळेंत येऊन विचारावें. आणि आपल्या नात्यांत अगर ओळखींत कोणी दुबईस, लंडनास किंवा इतरत्र शिक्षक वा शिक्षिका असतील, तर त्यांची गांठ वर्गशिक्षकांशीं अवश्य घालून द्यावी. २१ मार्चच्या मध्यान्हीं तीच एक मीटरची काठी दुबईस सुमारें ४७ सेंटिमीटर सावली पाडील आणि लंडनास सुमारें १२६. मात्र लंडनला त्या दिवशीं ढग नसले पाहिजेत.